ऱ्होडोनाइट कसे ओळखावे : गुलाबी मँगॅनीज खनिज, त्याच्या नावाचे मूळ आणि त्याची पारख

गुलाबी रंगाचा, अंगावर काळ्या शिरा असलेला आणि हाताला अपेक्षेपेक्षा जड लागणारा दगड समोर आला की बहुतेक संग्राहक ‘ऱ्होडोनाइट’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते बरोबरही ठरते. पण गुलाबी खनिजे अनेक आहेत, आणि त्यांपैकी एकाचे नाव तर ऱ्होडोनाइटच्याच ग्रीक मुळापासून आलेले असल्यामुळे चिठ्ठ्यांवर आणि सूच्यांमध्येही दोघांची सरमिसळ होत असते. या लेखात नावापासून सुरुवात करून घरच्या घरी करता येणाऱ्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, प्रत्येक चाचणी काय सांगते आणि कोठे फसवते, हे सविस्तर मांडले आहे. ज्या रंगावरून या खनिजाला नाव मिळाले, तोच रंग ओळखीसाठी सर्वांत कमी भरवशाचा आहे, म्हणून पुढील सर्व पायऱ्या रंगावर न विसंबता आखल्या आहेत.

नाव आधी समजून घ्यावे

ग्रीक भाषेत ‘ऱ्होडॉन’ म्हणजे गुलाब. ख्रिस्तोफ फ्रीड्रिख याशे यांनी १८१९ मध्ये जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या गुलाबी मँगॅनीज सिलिकेटाला या शब्दावरून ‘ऱ्होडोनाइट’ हे नाव दिले. शेवटचा ‘आइट’ हा खनिजांच्या नावांना लागणारा नेहमीचा प्रत्यय आहे. म्हणजे नावाचा अर्थ ‘गुलाबाचा दगड’ एवढाच होतो, त्यात मँगॅनीजचा किंवा सिलिकाचा काहीही उल्लेख नाही.

त्याआधी सहा वर्षे, १८१३ मध्ये, योहान फ्रीड्रिख लुडविग हाउसमान यांनी आजच्या रुमानियातील काव्‌निक येथील मँगॅनीज कार्बोनेटाला ‘ऱ्होडोक्रोसाइट’ हे नाव दिले होते. त्यातही पहिला भाग ‘ऱ्होडॉन’ हाच आहे आणि दुसरा भाग रंग, त्वचेचा वर्ण अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठीत या दुसऱ्या शब्दाला ‘कांती’ हा अगदी चपखल प्रतिशब्द आहे, कारण कांती या शब्दातही अंग आणि त्याचा रंग या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एक ‘गुलाबाचा दगड’ आणि दुसरा ‘गुलाबकांतीचा दगड’ हा फरक लक्षात राहिला, तर निदान नावांची अदलाबदल होत नाही.

याच मुळाचे आणखी काही शब्द वाचनात येतात आणि गोंधळ वाढवतात. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे शब्दशः गुलाबवृक्ष. ऱ्होडियम या धातूचे नाव त्याच्या क्षारांच्या गुलाबी रंगावरून वोलास्टन यांनी ठेवले, मात्र त्या धातूचा ऱ्होडोनाइटशी काडीचाही संबंध नाही. ऱ्होडोलाइट हे गुलाबी-जांभळट गार्नेटचे नाव आहे. खरेदीच्या यादीत ‘ऱ्होडो’ एवढे वाचून पुढची अक्षरे गृहीत धरू नयेत, ती सावकाश वाचावीत.

जुन्या वर्णनांत ‘मँगॅनीज स्पार’ हे नाव सिलिकेट आणि कार्बोनेट या दोघांसाठीही आढळते. त्यामुळे जुन्या संग्रहातील अशी चिठ्ठी असलेला नमुना हाती आल्यास तो न ओळखलेला आहे असेच समजावे. रशियन भाषेत ऱ्होडोनाइटला ‘ओर्लेत्स’ म्हणतात. ‘ओर्योल’ म्हणजे गरुड. उरल पर्वतातील लोककथेनुसार गरुड आपल्या घरट्यात हे गुलाबी दगड आणून ठेवत. याच उरलमधील ऱ्होडोनाइटापासून घडवलेली सम्राज्ञी मारिया अलेक्सांद्रोव्हना यांची भव्य शवपेटी सेंट पीटर्सबर्गच्या पीटर आणि पॉल कॅथीड्रलमध्ये आहे.

दोन्ही खनिजांचे नाते

चाचण्यांचे निकाल नीट लावायचे असतील तर एवढे रसायन माहीत असायलाच हवे. ऱ्होडोनाइट हे मँगॅनीजचे सिलिकेट असून त्यात थोडे कॅल्शियम जवळजवळ नेहमी असते, शिवाय लोह, मॅग्नेशियम आणि क्वचित जस्तही असते. जस्त असलेला प्रकार अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या फ्रँकलिन येथून प्रसिद्ध आहे आणि त्याला ‘फाउलेराइट’ म्हणतात. ऱ्होडोक्रोसाइट हे मँगॅनीजचे कार्बोनेट आहे, म्हणजे त्याची रचना कॅल्साइट या कॅल्शियम कार्बोनेटाच्या खनिजासारखी आहे.

मँगॅनीज कार्बोनेट आणि सिलिका एकत्र असलेला गाळाचा खडक जमिनीखाली उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतरित होऊ लागला की दोघांची विक्रिया होते, कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि मँगॅनीज सिलिकेट मागे राहते. थोडक्यात, ‘गुलाबकांती’तून ‘गुलाब’ तयार होतो. ही विक्रिया अनेकदा अर्धवट राहते, आणि मग एकाच दगडात दोन्ही खनिजे शेजारी शेजारी सापडतात. पुढे आम्लाच्या चाचणीत याचा प्रत्यय येतो.

दोघांचा गुलाबी रंग द्विसंयुजी मँगॅनीजमुळे येतो. हा रंग मुळात फिका असतो, आणि मँगॅनीजचे प्रमाण भरपूर असल्यामुळेच तो डोळ्यांत भरतो. हवा आणि पाणी यांच्या संपर्कात मँगॅनीजचे ऑक्सिडीकरण झाले की काळी ऑक्साइडे बनतात. ऱ्होडोनाइटवरील काळ्या शिरा आणि नक्षी बहुतांशी अशीच तयार झालेली असते. म्हणूनच उघड्यावर पडलेला ऱ्होडोनाइट बाहेरून पूर्ण काळा किंवा तपकिरी दिसू शकतो आणि फोडल्यावरच आतला गुलाबी भाग नजरेस पडतो.

लागणारी साधने

दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोलादी चाकू, तांब्याचा तुकडा किंवा तार, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या टाइलचा तुकडा, ०.१ ग्रॅमपर्यंत (जमल्यास ०.०१ ग्रॅमपर्यंत) वजन दाखवणारा काटा, पाण्याचे भांडे आणि बारीक दोरा एवढे पुरेसे आहे. आम्लाची चाचणी करायचीच असेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपर, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा आणि हातमोजे लागतील. चाचण्यांसाठी दगडाची मागची, न घासलेली बाजू निवडावी. दागिन्यात बसवलेल्या खड्यावर ओरखडा आणि आम्ल या दोन्ही चाचण्या करू नयेत.

पहिली पायरी : भिंगाखाली पाहणे

दगड धुऊन कोरडा करावा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहावा. पिवळसर दिव्याखाली फिकट तपकिरी दगडही गुलाबी भासतो. प्रथम काळा भाग पाहावा. ऱ्होडोनाइटमधील काळ्या शिरा भेगांच्या मार्गाने जातात, वाकड्यातिकड्या फुटतात, आणि भिंगाखाली त्यांच्या कडेला गुलाबी रंग तपकिरी होत गेलेला दिसतो, कारण काळेपणा भेगेतून आत झिरपलेला असतो. काळा रंग केवळ वरच्या पृष्ठावर बसलेला असेल, खळग्यांत साचलेला असेल आणि ताज्या भंगावर मुळीच नसेल, तर संशय घ्यावा.

त्यानंतर पट्टे पाहावेत. गुलाबी आणि पांढरट थर एकाआड एक, किंचित लाटांसारखे किंवा वर्तुळाकार असतील तर तो बहुधा ऱ्होडोक्रोसाइट असतो. अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतातल्या कापिलितास येथील असा पट्ट्यांचा ऱ्होडोक्रोसाइट ‘इंकांचा गुलाब’ या अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या आडव्या चकत्यांमध्ये वर्तुळात वर्तुळे दिसतात. ऱ्होडोनाइटमध्ये अशी थरांची शिस्त नसते. त्याचा पोत दाणेदार आणि घट्ट असून रंग ठिकठिकाणी गडद-फिका झालेला असतो.

सुटे स्फटिक असतील तर काम सोपे होते. ऱ्होडोक्रोसाइटचे स्फटिक तिरक्या बाजूंच्या ठोकळ्यांसारखे, म्हणजे समांतर षट्फलक असतात. कोलोरॅडोतील आल्मा गावाजवळच्या स्वीट होम खाणीतील लालभडक स्फटिक जगभर नावाजलेले आहेत. १९९२ मध्ये तेथे मिळालेला ‘आल्मा किंग’ हा स्फटिक डेन्व्हरच्या निसर्ग व विज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे. ऱ्होडोनाइटचे स्फटिक त्रिनताक्ष समूहातील, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांना तिरके असलेले, चपटे आणि कमी सममितीचे असतात. चांगले स्फटिक दुर्मीळच असून ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे ते गॅलेना या शिशाच्या खनिजासह सापडले आहेत.

दुसरी पायरी : कस

टाइलच्या झिलई नसलेल्या बाजूवर दगडाचा गुलाबी भाग घासावा. ऱ्होडोनाइट आणि ऱ्होडोक्रोसाइट दोघांचाही कस, म्हणजे टाइलवर उमटणाऱ्या पुडीच्या रेघेचा रंग, पांढरा असतो, त्यामुळे या चाचणीने दोघांत निवाडा होत नाही. तिचा खरा उपयोग काळ्या भागासाठी आहे. काळी शीर टाइलवर घासल्यावर काळी किंवा गडद तपकिरी रेघ उमटली, तर ते मँगॅनीज ऑक्साइड असण्याची शक्यता बळावते. रेघच गुलाबी उमटली, तर दगड रंगवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मागच्या बाजूवर फिरवून पाहावा. बोळ्याला गुलाबी रंग लागला, तर पुढच्या चाचण्या करण्याचे कारणच उरत नाही.

तिसरी पायरी : कठिनता

दोन मँगॅनीज खनिजांमधला निर्णायक फरक येथे सापडतो. मोहस मोजपट्टीवर (ओरखड्याला होणाऱ्या विरोधाची १ ते १० अशी श्रेणी) ऱ्होडोनाइटची कठिनता ५.५ ते ६.५, तर ऱ्होडोक्रोसाइटची ३.५ ते ४ आहे. साध्या पोलादी चाकूची कठिनता सुमारे ५.५ असते. म्हणून चाकूचे टोक मागच्या बाजूच्या गुलाबी भागावर ठेवून सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीची एकच रेघ थोड्या दाबाने ओढावी.

रेघ ओढल्यावर लगेच निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आधी बोट किंचित ओले करून ती पुसावी. रेघ पुसली गेली किंवा राखाडी धातूसारखी चमकत राहिली, तर दगडावर चाकूचेच पोलाद घासले गेले आहे, म्हणजे दगड चाकूइतका किंवा त्याहून कठीण आहे. रेघेत नख अडकत असेल आणि पुसल्यावर बोटाला पांढरी पूड लागत असेल, तर दगड मऊ आहे. ऱ्होडोक्रोसाइटवर चाकू असा सहज रुततो. तांब्याने मात्र त्यावर ओरखडा उठणे कठीण असते, आणि उठलाच तर तो कॅल्साइट असण्याचा विचार करावा.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे काळ्या शिरेवर चाकू चालवणे. मँगॅनीज ऑक्साइडे मऊही असतात आणि कठीणही, त्यामुळे त्यांच्यावरून गुलाबी खनिजाचा अंदाज बांधता येत नाही. दुसरी म्हणजे हवामानाने कुजलेल्या पृष्ठावर चाचणी करणे, कारण असा ऱ्होडोनाइट वरवर भुसभुशीत झालेला असतो. तीन वेगवेगळ्या जागी रेघ ओढावी, आणि एक जागा मऊ तर दोन कठीण लागल्या तर तसेच नोंदवून ठेवावे. मिश्र दगडाचे ते पहिले लक्षण आहे.

चौथी पायरी : पाटन

ताज्या फुटलेल्या कडेवर भिंग धरून दगड सावकाश फिरवावा. एका विशिष्ट कोनात अनेक बारीक पृष्ठे एकदम लकाकली, तर ती पाटनाची, म्हणजे खनिज ठरावीक दिशांनी सपाट दुभंगल्याने तयार होणारी, पृष्ठे आहेत. ऱ्होडोनाइटमध्ये दोन दिशांना उत्तम पाटन असून त्यांच्यातील कोन काटकोनाच्या अगदी जवळ, सुमारे ९२.५ अंश असतो, त्यामुळे तुकड्यांना पायऱ्यांसारख्या चौकोनी कडा येतात. ऱ्होडोक्रोसाइट तीन दिशांना दुभंगतो आणि त्याच्या पाटनपृष्ठांमधील कोन सुमारे ७३ व १०७ अंशांचे असतात, म्हणजे प्रत्येक पृष्ठ कलंडलेल्या चौकोनासारखे दिसते. बारीक दाण्यांच्या घट्ट दगडात हे काहीच दिसणार नाही. तसे असल्यास ही पायरी सोडून पुढे जावे, दगड फोडत बसू नये.

पाचवी पायरी : विशिष्ट गुरुत्व

ही चाचणी दगडाला कोणतीही इजा करीत नाही, तरी ती फार कमी लोक करतात याचे मला वाईट वाटते. कोरड्या दगडाचे वजन करून लिहून ठेवावे. मग दगड पूर्ण बुडेल एवढे पाणी भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. दोऱ्याने बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशा रीतीने हाताने तोलून धरावा. आता काटा जे वजन दाखवतो ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड आहे तो आकडा, मिळते.

समजा, दगडाचे वजन ६८.४ ग्रॅम भरले आणि पाण्यात काट्याने १९.० ग्रॅम दाखवले. ६८.४ भागिले १९.० म्हणजे ३.६०. ऱ्होडोनाइटचे विशिष्ट गुरुत्व साधारण ३.५७ ते ३.७६ असते, तेव्हा हा आकडा त्यात बसतो. ऱ्होडोक्रोसाइटचे मूल्य शुद्ध स्वरूपात ३.७ असल्यामुळे तोही याच पट्ट्यात येतो, म्हणजे या दोघांना वेगळे करायला ही चाचणी कुचकामी आहे. पण गुलाबी क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१ आणि थुलाइट, म्हणजे गुलाबी झोइसाइट, ३.१ ते ३.४ असल्यामुळे ही तिन्ही खनिजे येथेच बाजूला पडतात.

दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने झटकावेत, नाहीतर आकडा कमी येतो. दगड फार लहान असेल तर काट्याची चूक मोठी होते. ७ ग्रॅमचा तुकडा २ ग्रॅमहूनही किंचित कमी पाणी सारतो आणि तेथे ०.१ ग्रॅमचा फरक म्हणजे पाच टक्के चूक. शिवाय ऱ्होडोनाइटमध्ये क्वार्ट्झ मिसळलेले असणे नेहमीचे आहे. आकारमानाने पाचवा भाग क्वार्ट्झ असेल, तर ३.६५ च्या जागी ३.४५ च्या आसपास उत्तर येते. तेव्हा ३.४ ते ३.५ हे उत्तर आल्यास ऱ्होडोनाइटची शक्यता लगेच खोडू नये. भिंगाखाली राखाडी, काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे दिसतात का, ते पुन्हा पाहावे.

सहावी पायरी : आम्ल, आणि तेही गरज असेल तरच

कठिनतेने निकाल लागला असेल तर येथे थांबणे उत्तम. लागला नसेल, तर मागच्या बाजूने चाकूने थोडी पूड खरवडून काचेच्या तुकड्यावर घ्यावी आणि तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. चाचणी दगडावर न करता पुडीवर करावी, हे मी आग्रहाने सांगतो. माझ्या हातून एकदा घासून चकचकीत केलेल्या ऱ्होडोक्रोसाइटच्या चकतीवर थेंब ओघळला. तो मी लगेच पुसला, तरीही त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा निस्तेज डाग कायमचा राहिला आहे.

ऱ्होडोक्रोसाइटची पूड थंड आम्लात संथपणे आणि कोमट आम्लात जोरात फसफसते. कॅल्साइट थंड आम्लातच जोराने फसफसतो. ऱ्होडोनाइटमध्ये बुडबुडे येत नाहीत. मात्र ज्या दगडात विक्रिया अर्धवट राहिलेली आहे, तेथे कठीण गुलाबी भाग शांत राहतो आणि त्यामधून गेलेली फिकट शीर फसफसते. अशा दगडाला ‘ऱ्होडोक्रोसाइटसह ऱ्होडोनाइट’ म्हणणे हेच प्रामाणिक उत्तर आहे. आम्ल हाताळताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चष्मा काढू नये, विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे आणि पाणी आम्लात कधीही ओतू नये. ब्लीचच्या जवळपासही ते नेऊ नये, कारण दोघांच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पारदर्शक खड्यावर यांपैकी काहीच करता येत नाही. तेथे भिंगातून खड्याच्या वरच्या बाजूने आत पाहावे. ऱ्होडोक्रोसाइटमध्ये प्रकाशकिरण दुभंगण्याचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे मागच्या कडा ठळकपणे दुहेरी दिसतात. ऱ्होडोनाइटमध्ये तशा दिसत नाहीत.

घरातील चाचण्यांची मर्यादा

पायरॉक्समँगाइट हे मँगॅनीज सिलिकेट रंग, कठिनता, कस आणि वजन या सर्व बाबतींत ऱ्होडोनाइटसारखेच आहे. फरक केवळ अणुरचनेत आहे. दोघांतही सिलिकेटाच्या साखळ्या असतात, पण ऱ्होडोनाइटमध्ये साखळीचा नमुना दर पाच चतुष्फलकांनी (साखळीतील चार पृष्ठांच्या घटकांनी) आणि पायरॉक्समँगाइटमध्ये दर सात चतुष्फलकांनी पुन्हा सुरू होतो. तो क्ष-किरण विवर्तनासारख्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच खात्रीने कळतो. शिवाय अलीकडे ऱ्होडोनाइट हा खनिजांचा गट मानला जाऊन त्याची रचनेनुसार विभागणी झाली आहे. कॅल्शियमयुक्त खनिजाकडे ‘ऱ्होडोनाइट’ हे नाव राहिले आहे आणि कॅल्शियमच्या जागीही मँगॅनीजच वरचढ असलेल्या खनिजाला फिनलंडमधील विटिंकी खाणींवरून ‘विटिंकाइट’ म्हणतात. रासायनिक विश्लेषणाशिवाय हा भेद करता येत नाही.

जपणूक आणि चिठ्ठी

कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांपलीकडे ऱ्होडोनाइटला काही लागत नाही. पाटन उत्तम असल्यामुळे श्राव्यातीत लहरींच्या किंवा वाफेच्या यंत्रात तो घालू नये. ऱ्होडोक्रोसाइट मऊ असल्याने स्वतंत्र कापडात गुंडाळून ठेवावा. दगड कापायचा किंवा घासायचा झाल्यास तो सतत ओला ठेवावा आणि योग्य मुखवटा वापरावा, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना आणि मँगॅनीजची धूळ दीर्घकाळात मज्जासंस्थेला अपाय करते.

चिठ्ठीवर नावापुढे ते कशाच्या आधारे ठरवले हेही लिहावे. उदाहरणार्थ : ‘ऱ्होडोनाइट, काळ्या ऑक्साइड शिरांसह. चाकूने ओरखडा नाही, विशिष्ट गुरुत्व ३.६०, पुडीवर आम्लाचा परिणाम नाही. पायरॉक्समँगाइटची शक्यता तपासलेली नाही.’ त्याखाली दगड कोठून आणि केव्हा मिळाला ते लिहावे, आणि आधीची जुनी चिठ्ठी असेल तर ती चुकीची वाटली तरी फेकून न देता नव्या चिठ्ठीच्या मागे जोडून ठेवावी.